बाबलकाकांची वस्तीची गाडी

सकाळी सहाच्या सुमाराला आमच्या कुंपणापलीकडे पत्र्याच्या डब्यावर दोन ठोके पडतात, टण् टण्, आणि पाठोपाठ खणखणीत आवाज येतो, "कणकवली! कणकवलीवाले उतरून घ्या! दारात उभं राहू नका, मागच्यांना उतरू द्या!" मग खुराड्याच्या फळीवरून एक तांबूस, जाडजूड कोंबडी खाली येते. तिच्या मागून कसाल उतरते, मग फोंडाघाट. आणि बाकीचे पॅसेंजर दाणे टिपायला लागल्यावर, सगळ्यात शेवटी, डोळे मिचकावत आरोंदा.

माझा मेहुणा पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आला होता तेव्हा ही हाक ऐकून तो अर्धवट दाढी केलेल्या तोंडाने बॅग घेऊन रस्त्यापर्यंत धावला होता. आम्हाला आता सवय झाली आहे. सवय झाली म्हणजे राग येत नाही असं नव्हे. सुट्टीच्या दिवशी सकाळी सहाला कसालला उतरायची माझी अजिबात इच्छा नसते.

बाबलकाका एस.टी.च्या लाल गाडीवर कंडक्टर होते. रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली, पण खांद्याची चामड्याची पिशवी काही उतरली नाही. तिच्यात आता तिकिटांऐवजी तांदळाची कणी असते. हातात तिकिटांना भोक पाडायचा तो जुना पंच असतोच. तो कट्‌कट् वाजवला की परसातल्या चारही दिशांनी कोंबड्या धावत येतात. लग्न त्यांनी केलं नाही. का केलं नाही म्हणून विचारलं तर म्हणतात, "टायम खंय होतो?" चिऱ्याचं दोन खोल्यांचं घर, पुढे पडवी, मागे खुराडं आणि त्यात हे सगळे स्टॉप.

गंमत अशी की माणसांशी ते आपले सरळ मालवणीत बोलतात आणि कोंबड्यांशी मात्र शुद्ध मराठीत. एकदा मी विचारलं तर मला वेड्यात काढून म्हणाले, "ड्युटीर आसताना शुद्धच बोलूक व्हया. पॅसेंजर खंयचो आसता, काय सांगूचा?"

नावंसुद्धा उगाच ठेवलेली नाहीत. फोंडाघाट फळी चढताना मध्येच थांबते, दम खाते आणि मग वर जाते. आरोंदा हा पार टोकाचा स्टॉप, तशी हीसुद्धा संध्याकाळी नेहमी शेवटची येते, कारण ती पार खालच्या वहाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, चरायला गेलेली असते. आणि कणकवली कुठेही असली तरी गर्दीत मान खुपसूनच असते. माझी बायको कणकवलीची. तिने एकदा कुंपणावरून जाब विचारला, "काका, सगळ्यात खादाड कोंबयेक माझ्या माहेराचा नाव कित्याक?"

"सूनबाय," काका म्हणाले, "गर्दी सगळ्यात जास्त थंयच. मी काय करू?"

या सगळ्यांच्या वर, म्हणजे खरोखरच वरच्या दांडीवर, बसतो तो कंट्रोलर. काळ्या-तांबड्या पिसांचा, मानेवर सोनेरी झाक असलेला उंच कोंबडा. काकांच्या मते बसस्टँडवरचा कंट्रोलर हुबेहूब असाच असतो. स्वतः जागचा हलत नाही, ओरडून दुसऱ्यांना मात्र कामाला लावतो. हा कंट्रोलर पहाटे आरवतो, मग काका उठतात, चूळ भरतात आणि डबा वाजवून गाडी सोडतात. कंट्रोलरने सांगितल्याशिवाय गाडी सुटलेली मी तरी पाहिलेली नाही.

आता याच कंट्रोलरवर संकट आलं, त्याची ही गोष्ट.

आमच्या वाडीत वर्षातून एकदा राखण देतात. वाडीची, गुरांची, बागायतीची राखण करणारा देव सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळी माळाच्या, कडेला आहे. त्याला कोंबडा द्यायचा आणि मग तिथेच चूल मांडून, वडे तळून, वाडीतल्या बाप्यांनी जेवायचं. कोंबडा द्यायची पाळी घरोघर फिरते. यंदाची पाळी बाबलकाकांची होती. आणि बाबलकाकांच्या घरात कोंबडा एकच.

मी म्हटलं, "काका, बाजारातून दुसरो आणूया."

"राखणेक घरचो कोंबो लागता, बाबू. बाजारातलो आणून देवाक फसवूचा?" एवढं बोलून ते पंच वाजवत मागे निघून गेले.

वाडीतले लोक मात्र येता-जाता थांबून कंट्रोलरकडे बघायला लागले. आबा गावकार, म्हणजे वाडीच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारे म्हातारबाबा, ते तर काठी टेकून बराच वेळ उभे राहिले. "बाबल, बरो भरलो हा रे," असं म्हणाले. काकांनी दोन्ही हात आडवे पसरले. "गाडी फुल्ल आसा, आबा. मागच्या गाडीन येवा."

त्यातच कोंबड्यांना जंत झाले. कणकवली खायची तेवढंच पण अंगाला काही लागेना. तुरे फिके पडले, अंडी कमी झाली, आरोंदा दुपारीच परत येऊन फणसाखाली बसायला लागली. वाडीत एवढं कळायचा अवकाश, सल्ल्यांचा पूर आला. कोणी म्हणालं पपईच्या बिया वाटून घाला, कोणी म्हणालं लसूण. एकाने बकऱ्यांचं औषध आणून दिलं आणि "अंदाजान घाला चार थेंब" असं सांगितलं. काकांनी ती बाटली हातही न लावता परत केली.

"कंडक्टरान गाडी हाकूची नाय आणि ड्रायव्हरान तिकीट फाडूचा नाय," ते म्हणाले. "औषध डॉक्टरच सांगतलो. बाबू, स्कूटर काढ."

गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई होत्या, घाटावरून नुकत्याच बदली होऊन आलेल्या. काकांनी टोपी काढली, ताठ उभे राहिले आणि टेबलावर चार पुड्या ठेवल्या. कोणाची विष्ठा कोणती हे कळावं म्हणून प्रत्येक पुडीवर नाव घातलेलं होतं. डॉक्टरबाईंनी एक पुडी उचलून वाचली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आरोंदा? अहो, तिकडचा नमुना एवढ्या लांब इथे कशाला आणलात?"

"मॅडम, आरोंदा माझीच आहे."

"आणि ही फोंडाघाट?"

"तीही माझीच. सध्या अंडी बंद आहेत."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं म्हशीचं चित्र बघत होतो.

पण बाई चांगल्या होत्या. त्यांनी सगळे नमुने तपासले, जंतांची अंडी सापडली म्हणाल्या आणि शांतपणे एकेक गोष्ट समजावून दिली. औषध वजनाप्रमाणे द्यायचं, अंदाजाने नाही. ते प्यायच्या पाण्यातून द्यायचं, आणि त्या वेळी दुसरं पाणी कुठेही ठेवायचं नाही. काही दिवसांनी दुसरा डोस द्यायचा. खुराडं कोरडं ठेवायचं, खालचा भुसा बदलत राहायचं. आणि बाटलीवर जितके दिवस लिहिले आहेत तितके दिवस अंडी खायची नाहीत, मांसही खायचं नाही.

शेवटचं वाक्य ऐकून काका एक पाऊल पुढे सरकले. "म्हणजे मॅडम, तेवढे दिवस कंट्रोलरलासुद्धा कोणी..."

"कंट्रोलर कोण?"

"कोंबडा."

"त्याचंही नाही खायचं."

काकांच्या तोंडावर असा काही आनंद पसरला की डॉक्टरबाईंना वाटलं, म्हाताऱ्याला आपलं बोलणं नीट समजलं. परत येताना स्कूटरच्या मागच्या सीटवरून ते प्रत्येक वळणाला स्टॉप पुकारत होते. स्कूटरवर बसले की ते नेहमीच पुकारतात, पण त्या दिवशी आवाजात वेगळाच जोर होता.

औषध द्यायची सकाळ तर मी मुद्दाम कुंपणाला टेकून पाहिली. मासळी तोलायचा काटा आणून, एकेकीला कापडी पिशवीत घालून वजनं झाली. परसातल्या करवंट्या पालथ्या घातल्या, पाण्याच्या डोणीवर फळी टाकली, तुळशीचं पाणीसुद्धा पुसून काढलं. मग औषधाचं पाणी दोन पसरट भांड्यांत ओतून काका मध्ये उभे राहिले. "रांगेत या. धक्काबुक्की करू नका. सगळ्यांना जागा आहे. ओ कणकवली, पाय भांड्याच्या बाहेर! फोंडाघाट, सावकाश, घाई नाही." आरोंदाचा पत्ता नव्हता. तिला वहाळावरून काखोटीला मारून आणलं तेव्हा ती इतकी ओरडत होती की माझी बायको तवा खाली ठेवून बाहेर आली. सगळ्यांचं झाल्यावर कंट्रोलर खाली उतरला, इकडेतिकडे पाहिलं आणि सावकाश प्याला.

औषधाने गुण दिला. दुसरा डोसही झाला. तुरे पुन्हा लाल झाले, कणकवली अंगाने भरली. पथ्याचे दिवस संपेपर्यंत काकांनी सगळी अंडी माडाच्या मुळात पुरली, एकसुद्धा कोणाला दिलं नाही. ते दिवस संपले, मग आमच्याकडे पहिल्यासारखी अंडी यायला लागली. सगळं सुरळीत झालं होतं. फक्त कंट्रोलरचं पथ्य काही संपेना.

गोव्याहून काकांचा पुतण्या आला. दारातूनच म्हणाला, "काका, कोंबडी-वडे होवंदेत!" काकांनी हात आडवा केला. "औषध चालू आसा." पुतण्या बिचारा अंड्याचं कालवण खाऊन गेला.

वाडीतले लोक काही पुतण्याइतके भोळे नव्हते. एकाने चव्हाट्यावर विचारलंच, "काका, कोंबयांची अंडी खातास, मगे कोंब्याचाच पथ्य कसा उरला?"

"तो अधिकारी आसा," काका म्हणाले. "तेका नियम वेगळे."

हसून हसून लोकांची पोटं दुखली. पण राखण जवळ आली तसं काकांचं थट्टेने बोलणं कमी होत गेलं. कट्‌कट् वाजणारा पंचही गप्प झाला. एका सकाळी ते कापडी पिशवी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. पिशवीतून कंट्रोलरची मान बाहेर आली होती.

"बाबू, दवाखान्यात जावचा."

डॉक्टरबाईंनी कंट्रोलरला उलटसुलट पाहिलं, नमुना तपासला. "काका, याला काहीही झालेलं नाही. जंत गेले सगळे. छान आहे अगदी."

काकांनी घसा खाकरला. "मॅडम, पथ्याचे दिवस जरा जास्त असतील असं एखादं औषध मिळेल का?"

"जास्त? लोक कमी दिवसांचं मागतात हो."

"मला लांब पल्ल्याचं पाहिजे."

बाई हसल्या, पण नाही म्हणाल्या. जंत नसताना औषध द्यायचं नाही. उगाच देत राहिलं की हळूहळू जंत त्या औषधाला दाद देईनासे होतात, आणि खरी गरज पडेल तेव्हा तेच औषध कुचकामी ठरतं. "मी नाही देणार, काका. पण तुम्हाला हवं कशाला?"

काका काही वेळ पिशवीच्या तोंडाशी चाळा करत राहिले. आणि मग, ड्युटीवरच्या डॉक्टरबाईंसमोर, ते शुद्ध मराठी सोडून मालवणीत बोलायला लागले.

"बाय, तुका वस्तीची गाडी म्हायत आसा? सांजची शेवटची गाडी गावात जाता, रातभर थंयच रवता आणि फाटफटी, उजाडूच्या आधी, सुटता. ड्रायव्हर-कंडक्टर गाडयेतच झोपतत. ज्येंका घरदार आसा, तेंका ती ड्युटी नको आसता. मगे बाबलाक धाडा. बाबलाची वाट बघूक कोण आसा? सगळ्यांच्या वस्त्ये मीच केलंय. पण माका झोप लागणा नाय गो. सकाळची गाडी चुकली तर? कोणाची परीक्षा, कोणाचा हॉस्पिटल. आणि माका उठवणारा तर कोणच नाय. नोकरी सोपली तरी ती खोड गेली नाय. रातभर जागोच. ह्यो कोंबो इलो, आणि माका झोप लागूक लागली. आता माका कोणतरी उठवता."

कंट्रोलरने पिशवीतून मान वळवून एकदा काकांकडे पाहिलं. मी इतकी वर्षं या माणसाच्या शेजारी राहतो, त्यांच्या हाकेला शिव्या घालत अंथरुणातून उठतो, आणि मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

डॉक्टरबाईंना मालवणी किती कळली कोण जाणे, पण कळायचं ते कळलं असावं. त्या हळूच म्हणाल्या, "काका, औषधाच्या आड कशाला लपता? हे आत्ता मला सांगितलंत ना, तेच वाडीत सांगा."

"वाडयेत? हसतले सगळे," काका म्हणाले आणि उठले.

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरून एकही स्टॉप पुकारला गेला नाही. मला तो रस्ता कधी एवढा लांब वाटला नव्हता.

त्या संध्याकाळी मी आबा गावकारांच्या पडवीत जाऊन बसलो. माझ्या पोटात काही राहत नाही हे अख्ख्या वाडीला माहीत आहे, आणि त्या दिवशी तर ठेवायचंही नव्हतं. चहा संपेपर्यंत मी सगळं सांगून टाकलं. आबांनी तपकीर ओढली, दोनदा शिंकले आणि "बरा" एवढंच म्हणाले. या एका शब्दाचा अर्थ काढत मी घरी आलो.

राखणेचा दिवस उजाडला. मला मनातून वाटत होतं की काका येणारच नाहीत, ताप आला म्हणून निरोप पाठवतील. पण ते आले. धुतलेला खाकी शर्ट घातला होता, काखेत कंट्रोलर होता. देवासमोर उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "औषध कधीच सोपला. कोंबो चांगलो आसा. पाळी माझी आसा आणि देवाक खोटा सांगूचा नाय." त्यांनी कंट्रोलर आबांच्या हातात दिला आणि मागे सरून झाडाकडे तोंड करून उभे राहिले. चुलीवरचं तेल तापलं होतं. एरवी थट्टा करणारी माणसं जमिनीकडे बघत होती.

आबांनी कोंबडा छातीशी धरला आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो.

"ह्या बाबलान आपल्या घरचो कोंबो आज तुझ्या पायाकडे हाडल्यान, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तो तुझो झालो! आता बाबलाचो नाय, वाडयेचो नाय, तुझो! जितोच तुका सोडलो, म्हाराजा!"

"व्हय..." आमचा आवाज मध्येच अडखळला, आणि मग कोंबडा जिवंत सुटला हे लक्षात येऊन दुप्पट जोराने आला, "म्हाराजा!"

"पण देवाच्या कोंब्याक संबाळूक मानूस व्हयो. तेका दाणो-पाणी करूक, येळच्यावेळी डॉक्टराक दाखवूक. ती चाकरी ह्या बाबलाक लाव, म्हाराजा! आणि ह्या देवाच्या कोंब्याकडे कोण वाकड्या नजरेन बघीत, तेच्या पोटात जंत होवंदेत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा सडा दणाणला. हसण्याचा आवाज जास्त होता की होकाराचा, ते देवच जाणे.

काका वळले तेव्हा त्यांचा चेहरा मला नीट बघवला नाही. आबांनी कोंबडा त्यांच्या हातात दिला आणि दटावलं, "रडतंस काय मेल्या, ड्युटीर आसंस." त्या वर्षी आमच्या राखणेला पहिल्यांदाच वड्यांबरोबर काळ्या वाटाण्याचा सांबारा झाला. थोडी कुरकूर झाली, पण टोप मात्र पुसून निघाला. सांबाऱ्याचे वाटाणे आबांनी आदल्या रात्रीच भिजत घालून ठेवले होते, हे मला वाढताना कळलं.

संध्याकाळी मी सहज कुंपणाशी गेलो. खुराड्यात पॅसेंजर चढत होते. "कसाल, आत सरकून बसा. कणकवली, दुसऱ्याच्या सीटवर बसू नका. फोंडाघाट, दम घ्या, मग चढा." कंट्रोलर वरच्या दांडीवर जाऊन बसला होता. दिवेलागण झाली तरी काका दार उघडं धरून उभे होते, कारण आरोंदा आली नव्हती.

"लावा दार, काका. येयत ती मागसून."

"पॅसेंजर टाकून गाडी न्हेवची नाय," ते म्हणाले. थोड्या वेळाने वहाळाकडून आरोंदा रमतगमत आली, फळी चढली आणि आत जाऊन बसली. काकांनी दार लावलं आणि पायरीवर टेकले.

"बाबू, गाडी गावात लागली काय पॅसेंजर उतारतत रे. कोणाची आये बत्ती घेवन उबी आसता, कोणाचा ल्हान चेडू धावत येता. दोन मिन्टात गाडी खाली. मगे आमी बाकार आडवे." खुराड्यात पिसं सावरल्याचा, कूर्र कूर्र असा आवाज येत होता. ते जरा वेळ तो ऐकत राहिले. "उभो जलम लोकांच्या गावात वस्ती केलंय. आता बघ, वस्तीची गाडी माझ्या दाराक लागता. आणि कोणच उतरना नाय."

मग ते उठले आणि पत्र्याच्या डब्यावर एकच ठोका दिला, टण्. दोन ठोके पडले की गाडी सुटते आणि एक पडला की थांबते, हे काही मला कोणी सांगायला नको होतं.